नावाचं कुलूप

लग्नकार्यात भेटणाऱ्या मंडळींना माझा धंदा समजावून सांगणं हे माझ्या धंद्यापेक्षा अवघड काम आहे. "वेबसाइट करते," एवढं म्हटलं की पूर्वी लोक आदराने बघायचे. आता म्हणतात, "अच्छा, आमचा भाचाही करतो." म्हणून मध्यंतरी मी एक युक्ती काढली होती. कोणी विचारलं की सांगायचं, "मी कुलपं लावते." एका साखरपुड्यात यजमानीणबाईंनी हे ऐकलं, मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि एक कपाट दाखवलं. किल्ली हरवली होती आणि अंगठी कपाटात होती. मी केसातली पिन काढून बरीच खटपट केली. शेवटी नवरदेवाच्या मामांनी कपाटाला एक गुद्दा घातला आणि ते उघडलं. तेव्हापासून मी पुन्हा "वेबसाइट करते" वर आले आहे.

पण कुलपाचं म्हणणं अगदीच थाप नव्हती. नाशकात अशोकस्तंभाजवळ एका पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात मी आधी लग्नाच्या निमंत्रणपत्रिका टाइप करून द्यायचे, मग वेबसाइट करू लागले. छोट्या माणसांच्या छोट्या वेबसाइट. तांदूळवाले, भांडीवाले, पूजा सांगणारे, शिकवण्या घेणारे. एक दिवस असा आला की ही सगळी मंडळी एकच प्रश्न घेऊन जिना चढायला लागली. "मॅडम, आमच्या साइटवर 'सुरक्षित नाही' असं का येतंय?"

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सोप्या भाषेत सांगते. तुम्ही फोनवर एखादी वेबसाइट उघडता, तिथे नाव-पत्ता लिहिता, पैसे भरता. हा मजकूर तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंत पोचेस्तोवर मधल्या अनेक यंत्रांतून जातो. साधी साइट म्हणजे पोस्टकार्ड. वाटेत ज्याच्या हातात पडेल त्याने वाचावं. साइटला एसएसएल सर्टिफिकेट लावलं की त्या पोस्टकार्डाचं बंद पाकीट होतं. पूर्वी अशा साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसायचं, आणि ज्यांच्याकडे ते नसेल त्यांच्या कपाळावर ब्राउझर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारायचा. शिक्का तो अजूनही मारतो. कुलपाचं चित्र मात्र हल्ली बऱ्याच ठिकाणी काढून टाकलंय, म्हणजे आमच्या धंद्याची पाटीच उतरवली म्हणा ना.

या सर्टिफिकेटांचे ढोबळ तीन प्रकार. पहिल्यात एवढंच तपासतात की हा पत्ता खरंच तुमच्या ताब्यात आहे का. ते यंत्रच तपासतं आणि हे सर्टिफिकेट फुकट मिळतं. दुसऱ्यात तुमचा उद्योग खरोखर अस्तित्वात आहे का हे माणसं तपासतात. कागद मागतात, फोन करून खात्री करतात. तिसरं त्याहून कडक. आता गंमत अशी, की पाकीट तिन्हींचं सारखंच घट्ट चिकटवलेलं असतं. फरक फक्त हा, की दुसऱ्या आणि तिसऱ्या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव पडताळून लिहिलेलं असतं. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावते: पाकीट बंद आहे म्हणजे आतला लिहिणारा सज्जन आहे असं नाही. भामटेही पाकिटाला डिंक लावतात.

मग छोट्या साइटला कोणतं घ्यावं? फुकटचं. हे एका शब्दाचं उत्तर देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, कारण फुकटच्या गोष्टीवर आपल्या माणसाचा विश्वास नाही. फुकटचं म्हणजे पातळ, असा आपला हिशेब.

घोटीचे रामनाथशेठ हे त्यातले मेरुमणी. त्यांची तांदळाची गिरणी. त्यांनी माझं न ऐकता सगळ्यात कडक, तिसऱ्या प्रकारचं सर्टिफिकेट घेतलं. त्या काळी हे सर्टिफिकेट असलं की साइटच्या पत्त्याशेजारी उद्योगाचं नाव चक्क हिरव्या अक्षरांत यायचं. शेठ हरखून गेले. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, जिथे माणूस भेटेल तिथे फोन काढून ती हिरवी अक्षरं दाखवायचे. मग एक दिवस ब्राउझर बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की या हिरव्याकडे कोणी बघत नाही, आणि त्यांनी ते काढून टाकलं. दुसऱ्याच सकाळी शेठ माझ्या दारात.

"मॅडम, माझं हिरवं गेलं!"

त्यांचा चेहरा बघून मला वाटलं भातावर रोग पडला. "किती एकर गेलं?" मी विचारलं.

"शेतातलं नाय हो, फोनातलं!"

मी चहा मागवला आणि सगळं समजावून सांगितलं. शेठनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "म्हंजी एवढा फेटा बांधून गेलो आन् मांडवाच्या दारातच म्हनले, पाव्हणं, फेटा काढून ठिवा." त्या दिवशी मी त्यांना फुकटचं लावून दिलं. आता ते घोटीच्या बाजारात इतरांना सांगतात, "फुकटचंच घ्या, मी सगळे परकार करून बसलोय."

जुन्या नाशकातले हनीफभाई याच्या उलट. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं दुकान. त्यांना कुठल्याशा विक्रेत्याने फोनवर घाबरवून, त्यांच्या एकुलत्या एका साइटसाठी, साइटच्या सगळ्या शाखा-उपशाखांवर चालणारं सर्टिफिकेट गळ्यात मारायचं ठरवलं होतं. हनीफभाईंना शाखा नव्हती, उपशाखाही नव्हती. ते माझ्यासमोर बसले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, माझ्या दुकानाला शटर एक. तो म्हणतो पूर्ण गल्लीचं कुलूप घ्या. गल्ली मेरे बाप की है क्या?"

मला त्यांना काही समजवावं लागलं नाही. फक्त एकच शंका त्यांनी विचारली. हे फुकटचं सर्टिफिकेट थोड्या-थोड्या महिन्यांनी संपतं आणि पुन्हा घ्यावं लागतं, असं का? मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात त्यांनीच मान हलवली. "समझ गया. कल्हई आहे ती. उतरती है, फिर से करनी पडती है. कल्हई उतरलेल्या भांड्यात ताक ठेवलं तर काय होतं, मला सांगू नका." तेव्हापासून कोणी हा प्रश्न विचारला की मी कल्हईचंच उदाहरण देते, आणि हनीफभाईंचं नाव सांगून देते. हल्ली ही कल्हई यंत्र आपोआप करतं. माणसाला आठवण ठेवावी लागत नाही, आणि त्यामुळे माणूस आमचा जिनाही चढत नाही. थोडी चुटपुट लागते, पण ज्यांचं काम सुखाने चाललंय त्यांनी केवळ मला भेटायला आजारी पडावं असं कसं म्हणू?

यंत्राच्या आधीच्या काळात मात्र आठवण ठेवावी लागायची. त्र्यंबकच्या एका गुरुजींचं सर्टिफिकेट असंच संपलं. साइट उघडली की लाल पान आणि 'पुढे जाऊ नका' असा इशारा. पूजेची नोंदणी करायला आलेले यजमान घाबरून परत. मी फोन केला तर गुरुजी म्हणाले, "आज अमावास्या लागतेय. नवं काही नको. परवा लावा."

"गुरुजी, कुलूप लावायला मुहूर्त कशाला? चोर बघतो का मुहूर्त?"

पलीकडे पंचांगाची पानं फडफडली. गुरुजी शास्त्रार्थाला बसले असावेत. मग म्हणाले, "बरोबर आहे. गृहप्रवेशाला मुहूर्त लागतो, दार लावून घ्यायला नाही. लावा." असा समंजस माणूस मी आमच्या इंजिनिअर मंडळींतही फार पाहिला नाही.

तर, फुकटच्या बाजूने इतकी वकिली करून झाल्यावर आता ती गोष्ट सांगते, जिच्यात फुकटच्याने भागलं नाही.

सायखेड्याचे भाऊसाहेब आणि त्यांच्या पत्नी निर्मलाताई यांचा काळ्या मसाल्याचा उद्योग. मसाल्याचं नाव तुळसाआक्का मसाले, भाऊसाहेबांच्या आईच्या नावावरून. आक्का गेल्या, पण सुनेला आपला हात देऊन गेल्या. कांदा उन्हात किती वाळला की भाजायचा, खोबरं कुठवर करपू द्यायचं, दगडफूल कधी टाकायचं, हे सगळं निर्मलाताईंच्या हातात. घरामागच्या शेडमध्ये कांडप यंत्र, आणि मसाल्याच्या कामाला गावातल्या सात-आठ बायका. भाऊसाहेब माल पोचवायचे, फोन घ्यायचे आणि मिशीला पीळ द्यायचे. साइट मी केली तेव्हा पहिल्या पानावर फोटो होता फेटा बांधलेल्या भाऊसाहेबांचा. खाली नाव भाऊसाहेबांचं, नंबर भाऊसाहेबांचा. पुडीवरही तेच. माणूस मोठा गोड, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यात काही खटकण्यासारखं आहे हे त्यांना वाटलं नाही, निर्मलाताईंना वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर साइट करताना मलाही वाटलं नाही.

मग पुण्यातली एक मोठी कंपनी शोधत शोधत त्यांच्यापर्यंत आली. दिवाळीला कर्मचाऱ्यांना द्यायच्या भेटपेट्यांत मसाला घालायचा होता आणि तो एखाद्या महिलेच्या उद्योगाकडून घ्यायचा होता. भाऊसाहेबांनी धावपळ करून उद्योगाचे सगळे कागद बायकोच्या नावावर केले आणि ते घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, आता मालक ती. कागदावर. बघणार मीच."

"मसाला कोण करणार?"

"तो काय, तीच करती."

"मग तुम्ही काय बघणार?"

"व्यवहार," भाऊसाहेब म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला.

कंपनीची एक अट होती. तिच्या यादीत येणाऱ्या प्रत्येक पुरवठादाराच्या साइटला दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे उद्योगाची पडताळणी केलेलं सर्टिफिकेट हवं. मी कंपनीच्या साहेबांना फोन करून सांगितलं की एवढ्याशा साइटला याची काही गरज नाही, पाकीट तेवढंच घट्ट असतं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण नियम आहे." या वाक्यापुढे आजवर कोणाचं काही चाललेलं नाही. मी अर्ज भरायला घेतला.

सही करायला निर्मलाताई आल्या. त्या माझ्या गाळ्यात पहिल्यांदाच येत होत्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, हात पदरात. बोटांच्या पेरांत मिरचीचा रंग कायमचा मुरलेला. मी त्यांना पाकिटाची गोष्ट सांगितली, त्यावर नाव लिहितात तेही सांगितलं.

"ताई, मग त्याच्यात माझं नाव दिसंल का?"

"दिसेल. पण सहज नाही. साइटच्या पत्त्याशेजारी दाबायचं, मग आणखी एकदा, मग आणखी आत गेलं की उद्योगाचं नाव, कंसात तुमचं नाव आणि गाव. कोणी एवढं खोल बघत नाही."

"खोल का आसंना," त्या म्हणाल्या, "पण दिसंल ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी सही केली, अक्षर अक्षर उमटवत. पुडीवर मोठ्या अक्षरांत सासूचं नाव, त्याखाली आणि साइटवर नवऱ्याचं नाव. या बाईला आपलं नाव कुठे तरी हवं होतं, आणि ते त्यांनी तोवर कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. तोपर्यंत माझ्यासाठी ते एक कंटाळवाणं काम होतं, आता ते तडीला न्यायचंच असं मी मनाशी ठरवलं. शिवाय कंपनीच्या भरवशावर त्यांनी मिरची भरून ठेवली होती, आणि शेडमधल्या बायकांची दिवाळी त्या पेट्यांवर होती.

कागद पटले. उरला फक्त पडताळणीचा फोन. सर्टिफिकेट देणारी संस्था उद्योगाच्या जाहीर नंबरवर फोन करते आणि मालकाशी बोलून खात्री करून घेते, की अर्ज तुम्हीच केलाय ना. जाहीर नंबर अर्थातच भाऊसाहेबांचा. मी दोघांना सांगून ठेवलं होतं की फोन येईल, निर्मलाताईंनी बोलायचं. दोघांनीही माना डोलावल्या.

आठवड्यात कंपनीची यादी बंद होणार होती आणि मला संस्थेकडून निरोप आला. पडताळणी दोनदा फसली, आता शेवटचा एक प्रयत्न, नाहीतर अर्ज रद्द. मला काही कळेना. मी सायखेड्याला फोन लावला आणि एकेक गोष्ट काढून घेतली.

पहिला फोन आला तेव्हा भाऊसाहेब फोन घरी ठेवून मळ्यात गेले होते. निर्मलाताईंनी उचलला. पलीकडच्या माणसाने हिंदीत विचारलं, तुळसाआक्का मसाल्याचे मालक आहेत का? आणि निर्मलाताई म्हणाल्या, "मालक बाहेर गेलेत. संध्याकाळी करा." त्याने विचारलं, आपण कोण? "मी घरातली."

संध्याकाळी फोन आला तो भाऊसाहेबांनी घेतला. मालक आहेत का? "हा, बोला, मालकच बोलतोय." नाव? भाऊसाहेबांनी आपलं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट खणखणीत सांगितलं. त्या बिचाऱ्याच्या समोरच्या कागदावर मालक निर्मला. त्याने काय करावं?

मला हसूही येत होतं आणि रागही. पण निर्मलाताईंवर रागावण्याचा मला अधिकार नव्हता. मी गाळा टाकला तेव्हा फोन यायचे, "सरांना द्या." मीच सर आहे म्हटलं की लोक गडबडायचे, पुन्हा करतो म्हणायचे. मग मी सरळ सांगायला लागले, "सर बाहेर गेलेत, काम मला सांगा." लोक निवांत सांगायचे. त्या कधीच न जन्मलेल्या सरांच्या जिवावर मी बरीच कामं मिळवली. तेव्हा 'बाहेर गेलेत' म्हणण्याची सवय कशी लागते ते मला चांगलं ठाऊक होतं.

संस्थेकडून शेवटच्या फोनची वेळ ठरवून घेतली आणि त्या दुपारी मी स्वतः सायखेड्याला जाऊन बसले. निर्मलाताईंचा चेहरा उतरला होता. "माझ्यामुळंच झालं, ताई," त्या म्हणाल्या. भाऊसाहेबांना मात्र अजून घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नव्हतं.

"कागदावर हाय ना तिचं नाव? मग झालं की!"

"कागदाला फोन उचलता येत नाही, भाऊसाहेब."

फोनला अवकाश होता म्हणून मी रंगीत तालीम घेतली. माझा हात कानाशी धरून म्हटलं, "नमस्ते, मालक आहेत का?"

"आहेत, देते हं," म्हणत निर्मलाताईंनी नसलेला फोन भाऊसाहेबांकडे केला.

आम्ही तिघंही हसलो. दुसऱ्यांदा घेतलं. "मालक आहेत का?" निर्मलाताईंनी तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मी म्हटलं, "ताई, मसाला कोणाचा?" "आक्कांचा." "आणि आता?" त्या एकदम उठल्या, "कांडप बघून येते, बाया जाडं काढतील," म्हणाल्या आणि शेडमध्ये गेल्या. त्यांना रडू आलं होतं हे माझ्या ध्यानात आलं. भाऊसाहेबांच्याही आलं असावं. ते मिशीला हात न लावता बसून होते.

आणि फोन वाजला. ठरल्या वेळेच्या आधीच. यंत्राची धडधड चालू, शेडमधून मिरचीचा खकाणा ओटीवर येत होता, आणि भाऊसाहेबांनी सवयीने फोन उचलला. मी हातवारे करत होते, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"हा, तुळसाआक्का मसाले," ते म्हणाले. मग ऐकत राहिले. पलीकडून तोच प्रश्न आला असणार. भाऊसाहेबांनी तोंड उघडलं, आणि थांबले. फोन कानापासून दूर धरून ते शेडच्या दाराशी गेले.

"अगं ए!"

यंत्राच्या आवाजात दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं. निर्मलाताईंनी नाही. त्या चाळणीवर वाकलेल्या.

"अगं, ऐकलं का!"

आणखी एक बाई वळली. घरोघरी सगळ्यांना हीच हाक, कोणी कोणाची ओळखावी?

मग भाऊसाहेबांनी छाती भरून घेतली. "निर्मला!"

सगळ्याजणी थबकल्या. एकीने यंत्राचं बटणच बंद केलं. निर्मलाताईंनी मान वर केली, तर आपल्याला कोणी बोलावलं हेच त्यांना उमगेना. त्या दाराकडे न बघता बायकांकडे बघत होत्या. त्या शांततेत भाऊसाहेब फोनमध्ये म्हणाले, "देतो. मालकीण हितंच हायेत. कामात हायेत जरा."

निर्मलाताई पदराला हात पुसत आल्या. फोन घेतला, डोळे मिटले.

"हां जी. निर्मला बोलते. मालक मैंच है." मग पलीकडचं ऐकून, "हां, मैंने बोला है लगाने को. नाम डालने को बोला है."

दोन वाक्यांचं काम. फोन बंद झाला. बायकांनी काय झालं ते न कळताही टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेब ओटीवर टेकले आणि मला म्हणाले, "मॅडम, लय वर्सांनी तिचं नाव घेतलं. लग्नात घेतलं व्हतं, उखान्यात."

"तेव्हा तरी मोठ्यानं कुठं घेतलं व्हतं?" निर्मलाताई म्हणाल्या आणि यंत्र चालू करायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट आलं, कंपनीच्या यादीत नाव चढलं, दिवाळीच्या पेट्यांत तुळसाआक्कांचा मसाला गेला. मी निर्मलाताईंना फोनवर कुठे कुठे दाबायचं ते दाखवलं. एकदा, दोनदा, आणखी आत. कंसातलं आपलं नाव त्यांनी बोटाने मोठं करून पाहिलं, आणि मग शेडमधल्या प्रत्येकीला नेऊन दाखवलं.

पुढच्या वर्षी सर्टिफिकेट नव्याने घ्यायची वेळ आली. कंपनीने तोवर ती अट काढून टाकली होती. मी निर्मलाताईंना सांगितलं, ताई, आता गरज नाही, फुकटचं लावू, पाकीट तेवढंच घट्ट. सगळी कारणं दिली, कल्हईचं उदाहरणसुद्धा दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तुमचं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पन तेच लावा. नावाचं."

इतकी वर्षं मी लोकांना समजावत आले, छोट्या साइटला फुकटचं पुरतं. आजही तेच सांगते. पण त्या दिवशी मी नावाच्या सर्टिफिकेटचाच अर्ज भरला. पडताळणीचा फोन पुन्हा येणार, म्हणून आठवण करून द्यायला मी सायखेड्याचा नंबर फिरवला. उचलला तो भाऊसाहेबांनी. मागे कांडप चालू होतं, त्यामुळे माझा आवाज त्यांना ओळखू आला नसावा. मला खोडी काढायची लहर आली.

"तुळसाआक्का मसाले का? मालक आहेत?"

"मालक बाहेर गेल्यात," भाऊसाहेब म्हणाले. "संध्याकाळी करा."

"आपण कोण?"

"मी घरातला."